किसनभाऊ आणि त्यांची बिननावाची गाणी

लोणावळ्यात दरीत पडलेल्या माणसांना वर काढणारं आमचं एक मंडळ आहे. पगार नाही, फक्त दोर, हेल्मेटं आणि एक जुनी जीप. माझं बाजारात औषधांचं दुकान. जखमा बांधता येतात, सलाईन लावता येतं, म्हणून मला मंडळात घेतलं. किसनभाऊ मेंगाळ तिथे माझ्या कितीतरी आधीपासून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केली. मी फक्त औषधं विकतो, हे पुष्कळदा सांगून पाहिलं. ते म्हणायचे, “तुमच्या हातात सुई हाय ना, मग झालं.” गेल्या दिवाळीनंतर किसनभाऊ वारले. त्यांच्याइतक्या वेळा मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, त्यामुळे आता कुणी चुकून डॉक्टर म्हटलं की मी मागे वळून बघतो.

बुटके, काटक, काळेसावळे. पाय कायम अनवाणी, पण अंगात पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. दरीत उतरतानाही तोच, वरून पट्टे आवळलेले. खिशात एक धुतलेला, घडी घातलेला पांढरा रुमाल. तो स्वतःसाठी नसायचा. खाली मृत माणूस सापडला की त्याला हात लावायच्या आधी किसनभाऊ तो रुमाल त्याच्या तोंडावर टाकायचे. मग स्ट्रेचर, मग दोर, मग वॉकीटॉकीवर आम्हाला हाक. रुमाल त्या माणसाबरोबर जायचा. त्यांची बायको हिरावहिनी बाजारातून रुमालांचा गठ्ठाच आणून ठेवायची आणि एकेकाला इस्त्री करून द्यायची.

माझी पहिली खेप मला नीट आठवते. पनवेलकडचा एक माणूस घरातून निघून गेला होता आणि त्याची गाडी घाटातल्या कठड्याजवळ सापडली होती. किसनभाऊ उतरले, मी वर दोराजवळ. पावसाळी हवा होती आणि माणूस बरेच दिवस खाली पडून होता, यापेक्षा जास्त सांगत नाही. माणूस वर आला तेव्हा त्याचा भाऊ तिथे उभा होता. पोलीस पंचनामा करत होते. भाऊ रडत नव्हता, नुसता किसनभाऊंच्या शर्टाकडे बघत होता. रुग्णवाहिका पुढे गेली आणि आम्ही जीपमध्ये बसलो. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले होते.

किसनभाऊंनी मोबाईल काढला, जीपच्या स्पीकरला जोडला आणि गाणं लावलं. गाणं कसलं, माझ्या कानाला ती मारामारी वाटली. गिटार पत्रा ओढल्यासारखी, ढोल धाडधाड, आणि त्यावर एक माणूस घसा फाटेस्तोवर ओरडतोय. इंग्रजीत. मला संताप आला. आत्ताच वर काढलेला माणूस पुढच्या गाडीत होता. मी म्हटलं, “भाऊ, बंद करा ते. काही रीत आहे की नाही?”

त्यांनी आवाज कमी केला नाही. माझ्याकडे वळून, मला ऐकू येईल असं, पण न चिडता बोलले. “डॉक्टर, तितं वर आपल्याला वरडता येत न्हाई. घरची मान्सं हुबी असत्यात. पोलीस असत्यात. आपन गप ऱ्हायचं असतं. मग हा वरडतो आपल्या वाटचं. एक गानं. मग बंद.”

गाणं लहानच होतं. संपलं, त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि बाहेर बघत बसले. खंडाळ्याच्या वळणावर मला कळलं की माझे हात मी मांडीखालून काढलेत.

पुढे मला त्यांचे नियम कळत गेले. जाताना कधी गाणं नाही. येताना, मृत माणूस वर काढला असेल तर एक, फक्त एक. आणि माणूस जिवंत निघाला तर मुळीच नाही. एकदा एका जखमी मुलाला घेऊन आम्ही जीपमधूनच दवाखान्यात जात होतो तेव्हा चालक सदाने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. किसनभाऊंनी मान हलवली. जिता माणूस गाडीत असला की त्याचं ऐकायचं, तो काय म्हणतोय ते ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या मुलाचं सगळं बोलणं, मोटारसायकलीचा हप्ता, बाप मारेल ही भीती, सगळं त्यांनी दवाखाना येईपर्यंत ऐकून घेतलं.

ही गाणी त्यांच्याकडे आली कुठून, हे मला सदाने अर्धंमुर्धं सांगितलं आणि बाकीचं हळूहळू त्यांच्याचकडून कळलं. किसनभाऊंचं मूळ गाव आंदर मावळातली ठाकरवाडी. वडील लोणावळ्यातल्या तुंगार्लीत मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी म्हणून आले आणि कुटुंब बंगल्यामागच्या खोल्यांमध्ये राहू लागलं. शेठचा धाकटा मुलगा कॉलेजात होता. घरात त्याचं कुणाशी पटत नसे. तो पावसाळ्यात, जेव्हा कुणी येत नाही तेव्हा, एकटा बंगल्यावर यायचा आणि येताना पिशवीभर कॅसेटी आणायचा. किसनभाऊ तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. धाकट्या शेठला जेवण नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडे. तो त्यांना बसवून घ्यायचा आणि गाणं लावून हिंदीत समजावून सांगायचा. हा पोरगा कारखान्यात कामाला आहे आणि तिथल्या साहेबाला शिव्या घालतोय. हा दुसरा म्हणतोय की आम्हाला शाळेत जे शिकवलं ते सगळं खोटं निघालं. किसनभाऊंना त्यात नवल असं वाटलं की गोऱ्या लोकांच्या देशातही लोकांना काम नसतं, बाप दारू पितात आणि पोरं चिडलेली असतात.

“मला वाटायचं तिकडं समदी मान्सं बंगल्यातच ऱ्हात्यात,” ते मला म्हणाले होते.

धाकटा शेठ पुढे नशा करू लागला. शेवटच्या वर्षी आला तेव्हा जेवण समोर तसंच पडून राहायचं. किसनभाऊ त्याला आंघोळ घालायचे, भरवायचे. घरच्यांनी येऊन त्याला मुंबईला नेलं आणि तिकडेच तो गेला. नंतर बंगला साफ करायला माणसं आली. त्यांनी त्याची गादी, कपडे, कॅसेटी सगळं अंगणात काढून ठेवलं आणि जाळून टाकायला सांगितलं. किसनभाऊंनी गादी जाळली, कपडे जाळले. कॅसेटी त्यांनी धान्याच्या कणगीत लपवल्या.

कॅसेटींवरची कागदं आधीच फाटली होती. बहुतेकांची नावं कधी कळलीच नाहीत. म्हणून किसनभाऊंनी गाण्यांना स्वतःची नावं दिली. एक ‘करवतवालं’, कारण त्याची सुरुवात लाकूडकटाईच्या मशीनसारखी व्हायची. एक ‘जिन्यावरचं’, त्यात ढोल जिना उतरल्यासारखा वाजायचा. एक होतं ‘हसतंय पन रडतंय’. पुढे भाच्याने सगळ्या कॅसेटी मोबाईलमध्ये भरून दिल्या तेव्हा मी म्हटलं, आता इंटरनेटवर शोधू, एका मिनिटात कळेल कुणाचं गाणं आहे ते. त्यांनी नको म्हटलं. नाव कळलं की मग फोटो बघायला लागतात, मग तो म्हातारा झालेला दिसतो, मग तो कुठल्यातरी मोठ्या बंगल्यात राहताना दिसतो. त्यांना तसं नको होतं.

ऐकवायची मात्र भारी हौस. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ते अधूनमधून एक गाणं टाकायचे आणि त्याच्या आधी स्वतःच्या आवाजात प्रस्तावना. “नमस्कार मंडळी. आजचं गानं लय जुनं हाय. ह्यातला मानूस थकल्याला हाय पन झोपत न्हाई. शांतपनी ऐका.” खाली आम्ही सगळे हात जोडलेली चित्रं टाकायचो. ऐकायचं कुणी नाही. किसनभाऊंना हे माहीत होतं. पुढच्या भेटीत ते सहज विचारल्यासारखं करायचे, “ऐकलं का? मधी कुटं थांबतं सांगा बरं.” गाणं मध्येच तुटल्यासारखं थांबून पुन्हा सुरू होत असेल तर ते ऐकणाऱ्यालाच कळणार. न ऐकणारा अडकायचा. मग किसनभाऊ रागवायचे नाहीत. तिथेच मोबाईल काढून त्याला पूर्ण गाणं ऐकवायचे, आणि तो माणूस चहाचा कप हातात धरून, सुटका नसल्यासारखा, उभा राहायचा. मीही असा उभा राहिलोय. तसं उभं राहून राहूनच मला ती गाणी आवडायला लागली.

हिरावहिनींना ती कधीच आवडली नाहीत. त्या ‘कालवा’ म्हणायच्या. पण मुलीच्या हळदीला त्यांनीच मध्ये पडून नवऱ्याची बाजू घेतली होती. वाडीत मांडव, डीजे आणलेला, नेहमीची गाणी चाललेली. किसनभाऊंनी डीजेवाल्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला. तो ऐकेना. हिरावहिनी हळदीच्या हातांनी तशाच उठल्या आणि म्हणाल्या, “बाप हाय तो पोरीचा. लाव एक.” आणि लागलं करवतवालं. मग पोरं नाचायला लागली, आणि म्हाताऱ्या बायकाही. नाच त्यांचा नेहमीचाच, फेर धरलेला. ढोल जोरात आहे एवढंच त्यांनी पाहिलं. नवऱ्यामुलाच्या मामाने मला विचारलं, हे कोळीगीत कुणी गायलंय. मी किसनभाऊंकडे पाहिलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. इतकं समाधानी मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

मानसीची गोष्ट त्यानंतरच्या पावसाळ्यातली.

रविवार होता. कॉलेजची मुलंमुली फिरायला आली होती. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. मानसीचा पाय घसरला आणि ती डोंगराच्या घळीत गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या मैत्रिणी एकमेकींना धरून बसल्या होत्या आणि खालून, खूप खालून, आवाज येत होता. म्हणजे ती जिवंत होती.

किसनभाऊ उतरले. एका कातळाच्या खोबणीत ती अडकली होती. त्यांनी वॉकीटॉकीवरून मला सगळं सांगितलं. कंबर मोडली आहे, पाय हलत नाहीत, पोट ताठ झालंय. पोट ताठ झालंय म्हटल्यावर मला कळलं की आत रक्त जातंय. दुकानदाराला जितकं कळायचं तितकं कळलं. तिला लगेच वर काढायला हवं होतं. पण त्याच सुमारास वरच्या अंगाला पाऊस वाढला आणि घळीतून पाणी सुटलं. स्ट्रेचर त्या पाण्यातून ओढलं असतं तर मुलगी गुदमरली असती. पाणी उतरायची वाट बघण्याशिवाय काही करता येईना. दुपारभर आम्ही वर बसलो. खाली खोबणीत किसनभाऊ आणि ती.

वॉकीटॉकी माझ्या हातात होता. किसनभाऊंचं बटण मधूनमधून दाबलं जायचं आणि तुकडे ऐकू यायचे. ते तिच्याशी बोलत होते. घर कुठे, चिंचवडला. घरी कोण, आई. आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगत होते, म्हशीचं सांगत होते. मग बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज. आणि मग त्या पाण्याच्या आवाजातून मला गाणं ऐकू आलं. बारीक, किरकिरं, पण मी ओळखलं. करवतवालं.

मला वाटलं, संपलं. दरीच्या कामात ते गाणं मी माणूस मेल्यावरच ऐकलं होतं. शेजारी बसलेल्या सदाने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेच वाटलं. पण मग किसनभाऊंचा आवाज आला, पोरगी शुद्धीत आहे, पाणी उतरतंय का बघा.

पाणी उतरलं तेव्हा आम्ही ओढायला सुरुवात केली. सगळा जोर लावून, तरी सावकाश, कारण घाई करता येत नाही. स्ट्रेचर कठड्याशी आलं तेव्हा मी पहिला वाकलो. मानसीचे डोळे अर्धवट उघडे होते. मी नाडी पाहिली, मानेला बोटं लावली, पुन्हा पाहिली. छाती दाबत राहिलो. तोंडाने श्वास देत राहिलो. रुग्णवाहिकेतला मुलगा म्हणाला, सर, सोडा आता. मागून किसनभाऊ वर आले. त्यांनी विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून बघितला. तो चिखलाने भरला होता. त्यांनी तो पुन्हा खिशात ठेवला आणि अंगातला शर्ट काढला.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये गाणं लागलं नाही. किसनभाऊ उघड्या अंगाने, खांद्यावर सदाचा टॉवेल घेऊन बसले होते.

महिनाभराने एक बाई माझ्या दुकानात आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं औषध हवंय. त्या म्हणाल्या, “मी मानसीची आई. शेवटी तिच्याजवळ जे होते, त्यांना भेटायचंय.”

मी दुकान बंद केलं आणि त्यांना तुंगार्लीला घेऊन गेलो. वाटेत मी मनात जुळवाजुळव करत होतो. मंडळात आमचं ठरलेलं असतं. घरच्यांनी विचारलं तर सांगायचं, त्रास झाला नाही, लगेच गेला. किसनभाऊंना आधी गाठून हे सांगावं असं मला वाटत होतं, पण तशी वेळच मिळाली नाही. ते दारातच बसले होते. बाईंनी नाव सांगितलं आणि ते उभे राहिले. हिरावहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि त्याही उभ्याच राहिल्या.

बाईंनी विचारलं, “काय झालं ते सांगा. पोलिसांनी सांगितलं ते नको.”

किसनभाऊंनी सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. तिला लय दुखत होतं, म्हणाले. घाबरली होती. पयल्यांदा आई आई म्हनत होती. मग मी बोलत ऱ्हायलो तवा जरा गप झाली. मग माझं बोलनं संपलं. तीच म्हनली, काका, मोबाईलमधे गानी हायेत का. माझ्याकडं पिक्चरची न्हाईत. ही असली वरडायचीच हायेत. ती म्हनली, चालतील.

“मग?”

“मग लावलं. पान्याचा आवाज लय होता. ती म्हनली, आवाज वाढवा. मी वाढवला. त्येच्यापुढं काय बोलली न्हाई.”

मी जमिनीकडे बघत होतो. मला वाटलं, एवढं तरी बदलून सांगायला हवं होतं. मुलीचं शेवटचं बोलणं आईसाठी असायला हवं होतं. हिरावहिनींनी पदर तोंडाशी नेला.

बाई पुढ्यातल्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, “मला ऐकायचंय ते.”

किसनभाऊ म्हणाले, ताई, तुमाला सहन व्हायचं न्हाई, नुसता आरडाओरडा हाय. बाई म्हणाल्या, “लावा.”

किसनभाऊंनी त्या दिवसापासून ते गाणं लावलं नव्हतं. मोबाईल हातात घेऊन ते शोधत राहिले. मग लागलं. त्या बंगल्यामागच्या ओल्या अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर धरून बाईंनी ते सगळं गाणं ऐकलं. हलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “घरी मी सारखी ओरडायचे तिच्यावर. आवाज कमी कर, आवाज कमी कर.” आणि थोड्या वेळाने, “परत लावा. मोठ्यानं.”

दुसऱ्यांदा लागलं तेव्हा त्या रडल्या. त्या आवाजात त्यांचं रडणं आम्हाला ऐकू आलं नाही, फक्त दिसलं.

निघताना त्यांनी गाणं आपल्या मोबाईलमध्ये मागून घेतलं आणि नाव विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण किसनभाऊंनी माझ्या दंडाला हात लावला. “नाव न्हाई त्येला,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ‘करवतवालं’ हा शब्द ऐकला नाही.

मंडळाच्या गटावर गाणी येणं थांबलं. आधी आम्हाला बरंच वाटलं असेल, मग चुकल्यासारखं वाटू लागलं. किसनभाऊ दरीत उतरत राहिले, परतताना मोबाईल खिशातच ठेवू लागले. पावसाळ्यातल्या रविवारी ते त्या घळीच्या वाटेवर जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायचे की पुढे जाऊ नका. काही ऐकायचे. बहुतेक मोबाईलवर त्यांचं चित्रीकरण करायचे. एकदा दारू प्यायलेल्या एका टोळक्याने त्यांना ढकललं, ते चिखलात बसले आणि तसेच उठून पुन्हा वाटेत उभे राहिले. सदाने हे मला सांगितलं. ते स्वतः याबद्दल बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “वर हुबं ऱ्हायलं तर खाली कमी जावं लागतं.”

मग बंगला विकला गेला. नव्या मालकाला भाड्याने देण्यासाठी पोहण्याचा तलाव असलेलं घर करायचं होतं आणि तलावाची जागा बरोबर मागच्या खोल्यांवर येत होती. किसनभाऊंचा मुलगा गणेश आंबीला एका कंपनीत कामाला होता. त्याने तळेगावजवळ वराळ्यात एका इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आईबापांना तिकडे नेलं. किसनभाऊ जन्मात पहिल्यांदा जिना चढून वरच्या मजल्यावर राहायला गेले. मंडळातून त्यांनी नाव काढून घेतलं नाही, पण वराळ्याहून लोणावळा गाठेपर्यंत खाली पडलेल्या माणसाचं जे व्हायचं ते होऊन जातं. त्यांना बोलावणं हळूहळू थांबलं. ते इमारतीखाली दिवसाची राखण करायचे, खुर्चीवर बसून.

तिथेच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तळेगावच्या दवाखान्यात मी त्यांना पाहिलं तेव्हा ते मला ओळखत होते, यात शंका नाही. डाव्या हाताने माझं बोट धरून ठेवलं. पण तोंडातून एकच शब्द येत होता, “तित… तित… तित.” दुसरा शब्द शोधायचे, सापडायचा नाही, मग डोळे मिटून घ्यायचे. हिरावहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “डाक्टर, खरं सांगा, बोलत्याल का?” त्याही मला डॉक्टरच म्हणत. मी म्हटलं, वेळ लागेल. मला माहीत नव्हतं.

घरी आणल्यावर महिनाभर तेच. हिरावहिनी समोर बसून विचारायच्या, मी कोन? माझं नाव काय? किसनभाऊ त्यांच्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, आणि “तित.” एवढ्या वर्षांचा संसार आणि नाव सापडत नाही. एकदा त्यांनी रागाने ताट भिरकावलं. हिरावहिनींनी मला फोनवर सांगितलं की आता ते आपल्याकडे बघायचंसुद्धा टाळतात.

नंतर एके दिवशी गणेशने सहज, वडिलांना बरं वाटावं म्हणून, मोबाईलवर त्यांचं एक जुनं गाणं लावलं. आणि किसनभाऊ गाऊ लागले. अडखळत नव्हे, पूर्ण ओळीच्या ओळी, इंग्रजीत, ज्या शब्दांचा अर्थ त्यांना धड ठाऊक नव्हता असे शब्द. गाणं थांबलं आणि पुन्हा “तित”. हिरावहिनी त्या दिवशी फार रडल्या. “माझं नाव येत न्हाई त्येंच्या तोंडात, आन् त्या मेल्यांचं समदं येतंय.”

दवाखान्यातल्या मुलीने, जी व्यायाम करून घ्यायला यायची, त्यांना समजावलं. बोलणं एका जागी असतं, गाणं दुसऱ्या जागी. बोलण्याची जागा गेली, गाण्याची शिल्लक आहे. रोजचे शब्द त्याच चालीत घालून म्हणा, कदाचित येतील.

मी शेवटचं वराळ्याला गेलो ते उन्हाळ्यात. त्यानंतर, दिवाळी झाल्यावर, दुसरा झटका आला आणि मी पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं, त्यामुळे माझ्या मनात राहिलेत ते त्या दिवशीचे किसनभाऊ. खिडकीजवळच्या खाटेवर बसवलेले. गाल आत गेलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. अंगात इस्त्रीचा शर्ट. बाहेर नव्या इमारतींचं काम चाललेलं, सगळीकडे सिमेंटची धूळ. मी बोलत होतो, ते ऐकत होते. दोनदा काही सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मला कळलं नाही आणि मला कळलं नाही हे त्यांना कळलं.

उठलो तेव्हा हिरावहिनी म्हणाल्या, थांबू नका, आता आमची येळ झाली. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, शेजारचे तक्रार करतात म्हणून. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं, पण ते नीट लागलं नाही, फट राहिली. दोन पायऱ्या उतरून मी थांबलो.

आत जिन्यावरचं लागलं होतं, ढोल एकेक पायरी उतरत येणारा. त्यावर हिरावहिनींचा आवाज, बेसूर, वाडीतल्या बाईचा मोकळा आवाज, त्या परदेशी ओरडण्याच्या चालीत अगदी बरोबर बसवलेला. “पा-नी! पा-नी!” आणि त्यांच्यामागे किसनभाऊ, “पा-नी!” मग वहिनींनी शब्द बदलला. “हि-रा!” उत्तर आलं नाही. ढोल वाजत राहिला. वहिनींनी पुन्हा तोच शब्द टाकला, आणखी जोरात, “हि-रा!”

फटीतून मला किसनभाऊ दिसत होते. डावा हात खाटेच्या कडेवर आपटत होते, मान मागे टाकलेली, मानेच्या शिरा तट्ट. त्यांनी तोंड उघडलं, आणि घसा फाटेस्तोवर, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं, आपल्या बायकोचं नाव घेतलं.